इंग्रजीचे काळ आपल्या नागपुरी मराठीतून कसे शिकायचे

"काय करून राहिला?" हा प्रश्न नागपुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. समोरचा आत्ता, या घडीला काय करतो आहे, एवढंच त्यात विचारलेलं असतं. तो रोज काय करतो, पोटापाण्यासाठी काय करतो, हे विचारायचं असेल तर आपण म्हणतो, "काय करतोस तू?" हा फरक ज्याच्या जिभेवर आहे, त्याने इंग्रजीच्या काळांना घाबरायचं कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीच्या काळांतला एक मोठा, रोज लागणारा फरक तोच आहे.

नागपूरच्या महाल भागात आमच्या घरी मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. नर्सिंगच्या मुली येतात, हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट संपवून पोरं येतात, इतवारीत दुकानावर बसणारे येतात, लेकराचा अभ्यास घेता यावा म्हणून आयाही येतात. बहुतेकांनी बारा रकान्यांचा तक्ता कधी ना कधी पाठ केलेला असतो. वर्तमान, भूत, भविष्य आडवे. साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण उभे. तक्ता चुकीचा नाही. पण तो घडाघडा म्हणणारा मुलगाही मुलाखतीत "आय हॅड डन माय ग्रॅज्युएशन इन २०२१" म्हणून येतो. कारण बोलताना तक्ता आठवत नाही, मराठी आठवते. डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं आणि तेच इंग्रजी कपडे घालून बाहेर पडतं. म्हणून तक्ता बाजूला ठेवून मी घरात बोलतो त्या मराठीपासूनच सुरुवात करते. ती कुठे साथ देते आणि कुठे दगा देते, एवढं कळलं की बरंचसं काम होतं.

'राहिलो' आलं की 'आयएनजी'

कोणतंही वाक्य इंग्रजीत सांगायच्या आधी ते मनात नागपुरीत म्हणून पाहा. क्रियापदाला 'राहिलो', 'राहिली', 'राहिले' सहज लागतं का? लागत असेल तर इंग्रजीत 'ॲम', 'इज' किंवा 'आर' घ्या आणि क्रियापदाला 'आयएनजी' लावा. "मी जेवून राहिलो" म्हणजे "आय ॲम ईटिंग". "आई पोळ्या करून राहिली" म्हणजे "मदर इज मेकिंग रोटीज". "पोरं खेळून राहिले" म्हणजे "द चिल्ड्रन आर प्लेइंग". मागे 'होतो' लागलं तर फक्त 'ॲम' आणि 'इज'चं 'वॉज' करा, 'आर'चं 'वेअर' करा, बाकी सगळं तसंच. "तुझा फोन आला तेव्हा मी जेवून राहिलो होतो" म्हणजे "आय वॉज ईटिंग व्हेन यू कॉल्ड".

'राहिलो' लागत नसेल, गोष्ट रोजची, सवयीची किंवा कायम खरी असेल, तर क्रियापद साधं ठेवा. "बाबा मेट्रोने जातात" म्हणजे "फादर गोज बाय मेट्रो". इथे 'ही', 'शी', 'इट' किंवा एकट्या माणसाचं नाव असेल तर शेवटी 'एस' लागतो. तेवढा एक नेम पाळा. मराठीत आपण जातो, जाते, जातोस, जातेस, जातात एवढे आकार रोज न चुकता सांभाळतो, त्यापुढे हे काहीच नाही.

ज्यांना शाळेत 'करून राहिलो' बोलल्याबद्दल ओशाळं वाटायला लावलं गेलं, त्यांना मी हे मुद्दाम सांगते. पुस्तकातल्या मराठीत "मी जेवतो" हे रोजचंही असू शकतं आणि आत्ताचंही. आपल्या बोलीत हे दोन वेगळे ठेवायची सोय आहे आणि इंग्रजीला नेमकं तेच हवं असतं. तुमची बोली इथे तुमच्या पुढे चालते आहे. तिला मागे ढकलू नका.

मात्र एका ठिकाणी ती वाट चुकवते. आपण म्हणतो, "मले समजून राहिलं", "हे मले आवडून राहिलं", "तसंच वाटून राहिलं". त्यावरून "आय ॲम अंडरस्टँडिंग", "आय ॲम लाइकिंग" अशी वाक्यं निघतात. इंग्रजीत समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, गरज असणं, विश्वास असणं, मालकीचं असणं या क्रियापदांना सहसा 'आयएनजी' लागत नाही. "आय अंडरस्टँड", "आय नो", "आय लाइक इट", "आय वॉन्ट", "आय नीड". मुलाखतीत फार ऐकू येणारं "आय ॲम बिलाँगिंग टू नागपूर" हे याच जातीचं. सरळ "आय ॲम फ्रॉम नागपूर" म्हणा. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" नको, "आय हॅव टू ब्रदर्स" म्हणा.

ओळखायचं कसं? स्वतःला विचारा, हे काम मध्येच थांबवता येतं का? लाटता लाटता पोळी थांबवता येते, चालता चालता थांबता येतं. दोन भाऊ असणं किंवा उत्तर माहीत असणं मध्येच थांबवता येत नाही. जे थांबवता येत नाही त्याला 'आयएनजी' नाही. म्हणूनच "आय ॲम हॅविंग लंच" बरोबर ठरतं. जेवण थांबवता येतं.

'गेलतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे

आता खरी अडचण. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात ती असते, म्हणून इथे जरा थांबू या.

"मी काल बर्डीवर गेलतो." यात वावगं काही नाही. गेलो होतो, काम केलं, परत आलो, गोष्ट संपली. मराठीत मागची एखादी संपलेली गोष्ट सांगताना 'होतो' आपोआप येतं. इंग्रजीत 'होतो'साठी 'हॅड' शोधला जातो आणि वाक्य निघतं, "यस्टरडे आय हॅड गॉन टू सीताबर्डी". ऐकणारा इंग्रजीत मुरलेला असेल तर तो पुढच्या वाक्याची वाट पाहतो. "तिथे गेला होतास, आणि मग? त्यानंतर काय झालं?" कारण इंग्रजीत 'हॅड' एकटा येत नाही. दोन गोष्टी मागच्याच असतील आणि त्यातली एक दुसरीच्या आधी घडून गेली असेल, तर आधीच्या गोष्टीला 'हॅड' लागतो.

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला. त्याआधी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. दोन्ही गोष्टी मागच्या, पण राजधानी असणं आधीचं. "बिफोर इट जॉइन्ड बॉम्बे स्टेट इन १९५६, नागपूर हॅड बीन द कॅपिटल ऑफ मध्य प्रदेश." इथे 'हॅड' शोभतो. नुसतं "नागपूर जॉइन्ड बॉम्बे स्टेट इन १९५६" म्हणायचं असेल तर 'हॅड'ची काही गरज नाही.

तेव्हा 'गेलतो', 'आलती', 'केलतं' तोंडात आलं की इंग्रजीत आधी क्रियापदाचं दुसरं रूप घ्या, ज्याला क्लासमध्ये सगळे व्ही टू म्हणतात. "आय वेंट टू सीताबर्डी यस्टरडे." "शी केम ऑन संडे." "आय डिड माय ग्रॅज्युएशन इन २०२१." वेळ संपलेली, तारीख सांगितलेली, म्हणजे व्ही टू. काल, परवा, मागच्या आठवड्यात, दोन वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, लहानपणी, यांपैकी काहीही वाक्यात असलं की दुसरा विचार करू नका. 'हॅड' घालायचा मोह झाला तर विचारा, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर 'हॅड' काढून टाका.

'हॅव' कधी लागतं

'हॅव' आणि 'हॅज' घेऊन येणारं तिसरं रूप, म्हणजे व्ही थ्री, मागच्या गोष्टीचं आजशी असलेलं नातं सांगतं. चावीचं उदाहरण घेऊ. "आय हॅव लॉस्ट द की" म्हणजे चावी हरवली आहे आणि अजून सापडलेली नाही, दार बंदच आहे. "आय लॉस्ट द की यस्टरडे, बट आय फाउंड इट" म्हणजे हरवली होती, सापडली, विषय संपला. पहिल्या वाक्यात आजची अडचण आहे, दुसऱ्यात कालची हकिगत.

'आहे' हा इथे बऱ्यापैकी भरवशाचा सोबती आहे. "तो मुंबईला गेला आहे" म्हणजे तो अजून तिथेच आहे, "ही हॅज गॉन टू मुंबई". "तो मुंबईला जाऊन आला आहे" म्हणजे "ही हॅज बीन टू मुंबई". हा फरक मराठीत सहज होतो, म्हणून तो शिकवायला मला कधी जड गेला नाही. पण बोलताना आपण 'आहे' पुष्कळदा गाळतो. "जेवलीस का?" या प्रश्नात 'आहे' नाही, तरी विचारायचं असतं की आत्ता पोट भरलेलं आहे की ताट वाढू. म्हणून "हॅव यू ईटन?" अजून, आत्ताच, आधीच, आजपर्यंत, कधीही, असे शब्द मनात असले की 'हॅव' घ्या. अमेरिकन बोलण्यात 'जस्ट' आणि 'ऑलरेडी'सोबत व्ही टू सर्रास ऐकू येतो, तोही चूक नाही. परीक्षेत मात्र 'हॅव'च लिहा.

एक उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, कारण एकाच जागेबद्दल बोलताना चार वेगवेगळे काळ त्यात येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तारीख आहे, म्हणून व्ही टू: "बाबासाहेब आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर ऑन १४ ऑक्टोबर १९५६." दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक येतात. नेहमीची गोष्ट, म्हणून साधं रूप: "पीपल कम टू दीक्षाभूमी एव्हरी इयर." आजवर लाखो लोक येऊन गेले आहेत. वेळ सांगितली नाही, मोजणी आजपर्यंतची, म्हणून 'हॅव': "लॅख्स ऑफ पीपल हॅव व्हिजिटेड दीक्षाभूमी." आणि १९५६ पासून लोक येतच राहिले आहेत: "पीपल हॅव बीन कमिंग टू दीक्षाभूमी सिन्स १९५६."

हे शेवटचं वाक्य नीट पाहा. "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स" ही चूक नेमकी इथली आहे, आणि तिचं कारण मराठीत आहे. आपण म्हणतो, "मी दोन वर्षांपासून इथे काम करतो." गोष्ट अजून चालू आहे म्हणून मराठी सरळ वर्तमानकाळ घेते. इंग्रजी विचारते, सुरू कधी झालं? मागे. अजून चालू आहे? हो. मग दोन्ही टोकं धरा: 'हॅव' मागच्यासाठी, 'आयएनजी' चालूसाठी, मधे 'बीन'. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स." नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावू लागली आणि आजही धावते, म्हणून "द मेट्रो हॅज बीन रनिंग इन नागपूर सिन्स २०१९". तारीख, वर्ष, वार, म्हणजे सुरुवातीचा बिंदू असेल तिथे 'सिन्स'. किती काळ हे सांगायचं असेल तिथे 'फॉर'. मराठीत दोन्हीकडे '-पासून' चालतं, म्हणून सगळा गोंधळ होतो. वाक्यात 'पासून' दिसलं की एक क्षण थांबायची सवय लावा.

'डिड' आला की क्रियापद साधं

मराठीत नकार द्यायचा तर "गेलो"च्या पुढे "नाही" ठेवतो, क्रियापद भूतकाळातच राहतं. त्यामुळे "आय डिडन्ट वेंट" अगदी नैसर्गिकपणे तोंडात येतं. इंग्रजीत भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच लागते. 'डिड'ने ती घेतली की क्रियापद मूळ रूपात परत येतं: "आय डिडन्ट गो", "डिड शी कम?" 'डज'चंही तेच. 'एस' त्याच्याकडे गेला, म्हणून "ही डजन्ट गो", 'गोज' नाही. प्रश्नात 'डिड' गाळू नका. "व्हेअर यू वेंट?" नव्हे, "व्हेअर डिड यू गो?"

रूपं कशी पाठ करायची

इंग्रजीचं एक मोठं सुख सांगते. 'गो'चा भूतकाळ सगळ्यांसाठी 'वेंट'. मी, तू, तो, ती, ते, आम्ही, कुणीही. मराठीत गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेल्या इतकी रूपं आहेत. त्यातून 'पोळी खाल्ली' पण 'आंबा खाल्ला', म्हणजे खाणाऱ्यावर नाही तर खाल्लेल्या वस्तूवर क्रियापद बदलतं. हे सगळं तुम्ही वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी न शिकवता शिकलात. 'वॉज' आणि 'वेअर' सोडले तर इंग्रजी भूतकाळात असा फरकच नाही. 'गो'चं 'वेंट' का होतं असं लेकरं विचारतात. 'वेंट' मूळ 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचं रूप, ते 'गो'ला येऊन चिकटलं. आपल्या 'जा'चंही 'गेला' होतंच की.

अनियमित रूपं वर्णानुक्रमाने पाठ करू नका, आवाजाने गट करा. 'सिंग, सँग, संग' सोबत 'रिंग, रँग, रंग' आणि 'ड्रिंक, ड्रँक, ड्रंक'. 'ब्रिंग, ब्रॉट' सोबत 'बाय, बॉट', 'थिंक, थॉट', 'कॅच, कॉट', 'टीच, टॉट'. 'स्पीक, स्पोक, स्पोकन' सोबत 'ब्रेक, ब्रोक, ब्रोकन'. 'पुट', 'कट', 'हिट', 'शट' कधीच बदलत नाहीत. मोठ्याने म्हणा, वहीत उच्चार देवनागरीत लिहून ठेवा. देवनागरीत लिहिण्याचा इथे खराच फायदा आहे. 'रीड'ची तिन्ही रूपं इंग्रजीत एकसारखी लिहितात, आपल्या वहीत मात्र 'रीड, रेड, रेड' असं स्वच्छ दिसतं. नियमित क्रियापदांच्या शेवटच्या 'ईडी'चेही तीन उच्चार असतात: 'वर्क्ट'मध्ये ट, 'प्लेड'मध्ये ड, आणि क्रियापद ट किंवा ड ने संपत असेल तरच इड, जसं 'वॉन्टिड', 'नीडिड'. 'वर्केड' असा उच्चार इंग्रजीत नाही.

उद्याचं बोलताना

भविष्यकाळासाठी इंग्रजी क्रियापदाला स्वतःचं रूपच नाही. 'जाईन', 'करीन' यांसारखं काही तिच्याकडे नाही, म्हणून ती वेगवेगळे आधार घेते. बेल वाजली आणि तुम्ही उठलात, "मी पाहते", तर "आय विल सी हू इट इज". आधीच ठरवलेलं असेल किंवा चिन्हं दिसत असतील तर 'गोइंग टू'. फुटाळा तलावावर काळे ढग जमले, "इट इज गोइंग टू रेन". वेळापत्रकातली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ: "द विदर्भ एक्स्प्रेस लीव्ह्ज इन द इव्हनिंग". पक्कं ठरलेलं, अगदी जवळ आलेलं असेल तर 'आयएनजी'. नागपूर स्टेशनवर उभं राहून घोषणा ऐका. मराठीत 'येत आहे', इंग्रजीत 'इज अरायव्हिंग', गाडी तर अजून आलेलीच नसते. दोन्ही भाषा इथे एकाच वाटेने जातात.

"उद्या येतो" वरून "आय कम टुमॉरो" मात्र करू नका. "आय विल कम टुमॉरो" किंवा "आय ॲम कमिंग टुमॉरो" म्हणा. निघताना आपण म्हणतो त्या "येतो"लाही 'कम' नको, "आय ॲम लीव्हिंग" म्हणा.

'जेव्हा' या अर्थाचा 'व्हेन' आणि 'जर' या अर्थाचा 'इफ' यांच्या मागोमाग सहसा 'विल' येत नाही. "घरी पोचल्यावर फोन करीन" म्हणजे "आय विल कॉल यू व्हेन आय रीच होम". "पाऊस आला तर येणार नाही" यात मराठी भूतकाळाचं रूप वापरते, इंग्रजी वर्तमानाचं: "इफ इट रेन्स, आय वोन्ट कम".

सराव

रोज एकाच क्रियापदाचा करा. मेट्रोत बसलात तर खिडकीबाहेर आणि डब्यात जे चाललं आहे ते मनात 'आयएनजी'मध्ये सांगत चला: कोण उतरून राहिलं, कोण फोनवर बोलून राहिलं. रात्री झोपण्याआधी दिवसाच्या चार गोष्टी व्ही टूमध्ये लिहा, प्रत्येकीपुढे वेळ टाका आणि एकाही वाक्यात 'हॅड' येऊ देऊ नका. रविवारी "आजपर्यंत मी" या विषयावर 'हॅव'ची वाक्यं लिहा: काय पाहिलं, कुठे जाऊन आलो, काय अजून केलं नाही. मुलाखत जवळ आली असेल तर स्वतःची ओळख लिहून काढा आणि त्यातला प्रत्येक 'पासून' आणि प्रत्येक 'होतो' लाल शाईने तपासा. मुलाखतीत ऐकू येणाऱ्या काळांच्या चुका बहुतेक तिथेच असतात.

हे महिनाभर झालं की मग बारा रकान्यांचा तक्ता काढा आणि प्रत्येक रकान्यात तुमच्या घरातलं, तुमच्या कामावरचं एक वाक्य भरा. 'विल हॅव बीन' वाला शेवटचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, बोलताना तो क्वचितच लागतो.